भाजलेला जोकुमार

गणपती बसल्याला दुसरा दिवस होता. तळवारांची बायाक्का डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ घेऊन कुंभाराच्या दारात उभी राहिली. खोळीच्या टोकातून पाणी गळत होतं. एरवी ती सरळ सोप्यात येऊन भिंतीला टेकायची. आज उंबऱ्याच्या बाहेरच थांबली.

"गुणाक्का, तीन दिसांनी अष्टमी."

गुणाबाई चाकापुढं दिवा लावत होती. सकाळी मातीला हात लावायच्या आधी चाकाच्या पायथ्याशी दिवा, चिमूटभर हळद आणि शिवाचं नाव, हा तिचा नेम लग्न होऊन हुंचेवाडीत आल्यापासूनचा. फाल्गुनात नवरा गेला तेव्हा सुतकाचे दिवस तेवढा दिवा नव्हता. सुतक फिटलं त्या सकाळी ती पुन्हा चाकापुढं येऊन बसली होती.

"तीन दिसांनी व्हय?" ती म्हणाली.

"व्हय. जोकुमार लागतोय."

"लागतोय खरा."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. बायाक्कानं खोळ एकदा झटकली, पुन्हा डोक्यावर घेतली आणि निघून गेली.

हुंचेवाडी येळ्ळूरच्या पलीकडं, ओढ्याच्या अंगाला आहे. अर्धं गाव मराठी बोलतं, अर्धं कानडी, आणि भांडताना सगळे दोन्ही बोलतात. जोकुमार दोघांचाही. गणपतीमागोमाग अष्टमीला तो कुंभाराच्या घरी जन्माला येतो. कच्च्या मातीचा, हातभर उंचीचा, बटबटीत डोळ्यांचा, मिशा वळलेला, तोंड वासलेला. गाव राखणाऱ्या तळवारांच्या बायका त्याला वेताच्या बुट्टीत लिंबाच्या पाल्यावर बसवून कानडी गाणी म्हणत घरोघर फिरवतात. घरच्या बायका त्याच्या ओठांना लोणी लावतात, सुपातून भात, मिरच्या, मीठ घालतात. सात दिवस तो गावभर लोणी खातो, गावभर बायकांकडं बघतो आणि पुनवेला मरतो. परटाच्या दगडावर बायका त्याला मुसळानं ठेचतात आणि ओढ्याच्या पाण्यात सोडतात. गणपती मोदक खाऊन वर जातो आणि खाली सगळं बरं आहे म्हणून सांगतो. जोकुमार दारोदार हिंडलेला असतो, तो खरं काय ते सांगतो. मग पिकाला काय हवं ते वरून मिळतं. पण त्यासाठी तो पाण्यात विरघळायला लागतो. विरघळला नाही तर तो पोचतच नाही.

हुंचेवाडीत आणखी एक होतं, ते दुसऱ्या गावात नसावं. गुणाबाईचा नवरा यल्लाप्पा जोकुमाराला दर वर्षी गावातल्या कुणाचं तरी तोंड द्यायचा. ज्याची वर्षभर कुजबुज झाली, त्याचं. एका वर्षी दूध सोसायटीच्या सेक्रेटरीचं बसकं नाक, एका वर्षी मारुतीराव पाटलाच्या जुळलेल्या भुवया. स्वतः कधी नाव घेतलं नाही. बुट्टी दारात आली की बायका पदर तोंडाला लावून विचारायच्या, "यंदा कुणाचा गं?" आणि मग घराघरातून हसू फुटायचं. मारुतीराव त्या वर्षी पुनव होईपर्यंत घराबाहेर पडला नव्हता.

स्वतःचं तोंड मात्र यल्लाप्पानं कधी दिलं नाही. द्यायला हरकत नव्हती. बायाक्काच्या परड्यात त्याची सायकल टेकलेली गावानं पुष्कळदा बघितली होती. गुणाबाईनंही बघितली होती.

फाल्गुनात तो खानापूरच्या बाजारात चहाच्या गाड्यापाशी बसल्या जागी गेला. घरी आणला तेव्हा त्याच्या नखात माती होती. बायकांनी गुणाबाईला धरून बसवलं. रड गं, म्हणाल्या. नणंदेनं पाठीत गुद्दे घातले, कुणी दंडाला चिमटे काढले. बांगड्या फोडताना काच मनगटात शिरली, रक्त आलं. ती त्या रक्ताकडं बघत राहिली. परटाची अंबुबाई, गावातली सगळ्यात म्हातारी बाई, सगळ्यांदेखत म्हणाली होती, "आत धरून बसलीया. असलं धरलेलं माणसाला आतनं खातंय. हिला रडवा." त्यांना ते जमलं नाही. दहावा झाला, तेरावा झाला, पाऊसकाळ आला. गुणाबाई सोमवारचा उपास धरायची आणि संध्याकाळी सोडायची. धरलेला आणि सोडलेला, दोन्ही तिला सारखेच लागत.

त्या संध्याकाळी मारुतीराव छत्री घेऊन आला. तिचा मुलगा सौरव नुकताच उद्यमबागेतल्या कारखान्यातून आला होता, मोटरसायकल पुसत होता. सून मंजुश्री चुलीपुढं होती. गुणाबाई आत, पोत्याखालची भिजलेली माती चाचपत बसली होती. तिला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात मारुतीराव बोलत होता.

"वरीस झालं न्हाय अजून, सौरव. देवाच्या कामाला तिचा हात कसा चालंल?"

"मग इकत आणूया, आण्णा. बेळगावात प्लास्टरचा मिळतोय," सौरव म्हणाला. "रंगवून-बिंगवून देत्यात."

"प्लास्टरचा विरघळतोय व्हय? गटारीत पडून राहील."

"मग तुम्ही सांगा कसं करायचं ते. मला तर येत न्हाय. बा शिकवलाच न्हाय मला."

"तू शिकला न्हाईस."

बायाक्का मागोमाग आली होती. ती पागोळीखाली उभी राहून म्हणाली, "आण्णा, त्याला कुठलं सोवळं? सात दिस दिसंल त्या बाईच्या हातचं लोणी खातोय त्यो. विधवेच्या हातचं त्याला चालतंय. तुमच्या भुवया लावून फिरला तवा कुठं बाटला?"

मंजुश्रीच्या हातातली पळी चुलीपाशी खाली पडली. मारुतीरावानं छत्री उघडली, मिटली.

"करू दे," तो म्हणाला. "पर मागल्या दारानं द्यायचा. पुढच्या दारानं न्हाय. आन् तिनं ओवाळायचं न्हाय, तोंडाला लोणी लावायचं न्हाय. करायचा आन् द्यायचा."

"ऐकलंस न्हवं, आये?" सौरवनं आत वळून विचारलं.

"ऐकलो," गुणाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सौरव कामावर गेल्यावर तिनं माती उपसली. ओढ्याकाठची काळसर माती, त्यात चाळलेली राख आणि भाताचं तूस. ती पायानं तुडवली, मग हातानं मळली. मळायचं काम नेहमी तिचंच असायचं. मळून मळून गोळा त्याच्या मांडीजवळ सरकवायचा आणि बाजूला बसायचं. तो करताना बोलायचा. बघ, ह्याचा कान असा. बघ, ह्याला थुंकायची सवय हाय, म्हणून खालचा ओठ असा लोंबतोय. तिनं बघितलं की नाही, याची त्याला फिकीर नसायची.

आता गोळा तिच्याच पुढ्यात राहिला. तिनं पहिल्यांदा मडक्यासारखं पोकळ पोट केलं, बुडाला बोटभर भोक ठेवलं. मांड्या लावल्या, हात लावले. जोडाच्या जागी पाण्याचं बोट फिरवलं. डोकं वेगळं करून मानेवर बसवलं. पाऊस थांबत नव्हता. माती चिकट राहत होती, बोटं तिच्यात रुतत होती. कुणाचं तोंड द्यावं याचा तिनं विचार केला नाही. यंदा गावात कुणाची काय कुजबुज झाली, तिला ठाऊक नव्हतं. नाकाच्या जागी चिमटा काढला, नाक झालं. डोळ्यांचे दोन गोळे दाबले. मिशीसाठी दोन वळ्या केल्या, त्यातली डावी आखूड झाली. ती तशीच लावली. उजव्या कानाची वरची कड चिमटीनं तोडून टाकली. वासलेल्या तोंडात वरचे दात कोरले आणि पुढचा एक मोडला.

मंजुश्री चहा घेऊन आली आणि कप हातात धरून थांबली.

"आत्या."

"ठेव तिथं."

"आत्या, हे..." ती मिशीकडं बघत होती. सासऱ्याची डावी मिशी एकदा आव्याच्या जाळानं करपली होती. नंतर ती कधी नीट वाढली नाही. कानाची कड लहानपणी कुत्र्यानं तोडलेली. दात बैलगाडीच्या जुवावर आपटून मोडलेला. हे गावातल्या पोराटोराला ठाऊक होतं.

"बरं झालं न्हाय काय?" गुणाबाईनं विचारलं.

"झालंय की," मंजुश्री हळू म्हणाली. "लई बरं झालंय."

गुणाबाईनं चहा प्याला. गार झाला होता. तिला तो गार आहे हे कप रिकामा झाल्यावर कळलं.

रात्रभर पाऊस होता. सकाळी बघितलं तर जोकुमार तसाच ओला, काखेत एक बारीक चीर. तिनं चीर लिंपली. चुलीच्या उबेला ठेवला, तिथंही वाळेना. अंगणाच्या कडेला पत्र्याखाली मडकी भाजायचा आवा रचून ठेवलेला होता. नवरात्रातल्या घटांसाठी लहान मडकी, थोडी धुपाटणी, वर शेणकुटं आणि उसाचं पाचट. दुपारी पावसानं उघडीप दिली तेव्हा तिनं आवा धुमसत ठेवला. ऊब धरल्यावर जोकुमार जवळ नेऊन ठेवला, थोड्या वेळानं आणखी जवळ. मग वरची दोन मडकी काढली, त्याला मधोमध बसवला आणि पुन्हा पाचट झाकलं.

मंजुश्री दारातून बघत होती. "आत्या, जोकुमार भाजत्यात व्हय?"

"वाळंना."

"पर कच्चाच असतोय न्हवं? मामंजी तर..."

"वाळंना गं," गुणाबाई म्हणाली आणि फुंकणी घेऊन जाळापाशी बसली.

धूर तिच्या डोळ्यात गेला. पाणी आलं ते धुराचं होतं. तिनं ते पदरानं पुसलं. मंजुश्री दारातच थांबली. सासूच्या कामात बोलायचं कसं, हे तिला अजून समजलं नव्हतं. तिचं लग्न होऊन दोन पावसाळे झाले होते आणि या घरात मातीबद्दल जे काही बोलायचं ते मामंजी बोलायचे.

अष्टमीच्या सकाळी आवा उघडला. मडकी तांबडी झाली होती, जोकुमारही. कुठं तडा नव्हता. गुणाबाईनं नखानं त्याच्या पोटावर टिचकी मारली. खणकन् वाजला. तिनं त्याला चुना फासला, गेरूनं ओठ रंगवले, काजळीनं मिशा आणि बुबुळं काळी केली. रंगाखाली भाजणं दिसत नव्हतं. दिवा लावायचा नेम त्या दिवशी उन्हं वर आल्यावर झाला.

बायाक्का मागल्या दारानं आली. बुट्टीत लिंबाचा पाला, कडेला लोण्याची वाटी. गुणाबाईनं दोन्ही हातांनी जोकुमार पुढं केला. बायाक्कानं घेतला, पाल्यावर बसवला आणि मग त्याच्याकडं बघितलं.

परड्यातल्या केळीच्या पानांवरून पाणी ठिबकत होतं.

"काय केलास हे, गुणाक्का?"

"काय केलो?"

"तोंड बघ त्याचं."

"माती हाय."

"माती हाय व्हय!" बायाक्का म्हणाली. तिनं एक बोट त्या आखूड मिशीवर ठेवलं, मग तुटक्या कानावर. लोण्यात बोट बुडवून ओठांना लावलं. ओठ झाकले तरी ती लावतच राहिली. मग ती परड्यातल्या चिखलात खाली बसली, बुट्टी मांडीवर घेतली आणि तिच्या छातीतून आवाज निघाला. आधी तो गाण्यासारखा होता. मग गाण्यासारखा राहिला नाही.

गुणाबाई उंबऱ्यात उभी राहून बघत होती. भाताला आधण ठेवलं की नाही ते आठवत होती, की आणखी काही, तिला नंतर सांगता आलं नसतं. बराच वेळ गेला. बायाक्कानं तोंड पुसलं, चुंबळ डोक्यावर ठेवली.

"हात लाव बुट्टीला," ती म्हणाली.

गुणाबाईनं हात लावला. बुट्टी डोक्यावर चढली.

"हलका हाय यंदा," बायाक्का म्हणाली आणि ओढ्याच्या वाटेनं वळली.

पहिल्या दिवशी गाव हसलं. बुट्टी पाटलाच्या दारात गेली तेव्हा मारुतीरावाच्या बायकोनं वाकून बघितलं आणि ती "अगं बया, यल्लाप्पा!" म्हणून मागं सरली. दुसऱ्या आळीत कुणी म्हणालं, मेल्यावर पण घरोघर लोणी चाटत फिरतोय. तिसऱ्या दिवसापासून हसू कमी झालं. बायाक्काचं गाणं मध्येच तुटायचं, तिच्या बरोबरीच्या बायका ते उचलायच्या. बायका लोणी लावताना थांबायच्या, कुणी पदर डोळ्याला लावायची. एकीनं सुपात भाताबरोबर विड्याची दोन पानं ठेवली, कारण यल्लाप्पाला पान लागायचं. हे सगळं मंजुश्रीच्या कानावर येत होतं. ती सासूला सांगत नव्हती. गुणाबाई नवरात्राचे घट रचून ठेवत होती.

चौथ्या दिवशी सौरव कामावरून आला तो हेल्मेट कोपऱ्यात फेकूनच.

"बाची आब्रू डोक्यावर घिऊन फिरत्यात गावात! आन् फिरवतंय कोण? तीच! तुला दुसरं तोंड मिळालं न्हाय, आये?"

"जेव आधी."

"जेवत न्हाय. कारखान्यात इचारत्यात मला, तुझा बा यंदा जोकुमार झालाय म्हणं. मी जाऊन घिऊन येतो त्याला."

"फिरायला निघालेला मागं आणत न्हाईत."

"मग मी काय करू?"

"पुनवेला फुटतोयच," गुणाबाई म्हणाली आणि त्याच्यापुढं ताट सरकवलं.

सौरव ताटापुढं बसला. भाकरीचा तुकडा मोडून आमटीत बुडवला आणि तोंडात न घालता म्हणाला, "कान तर अगदी तसाच केलीस की गं." मग जेवला.

पुनवेला दिवस कलताना बायका परटाच्या दगडाकडं निघाल्या. मंजुश्रीही गेली, घरचं मुसळ घेऊन. गुणाबाईनं जायचं नव्हतं. ती मागल्या दाराच्या पायरीवर बसली. तिथून ओढा दिसत नव्हता, आवाज येत होता. गाणं आलं. मग थांबलं. आता मारणार, तिला कळलं. दर वर्षी या वेळेला ओल्या मातीवर मुसळ पडल्याचा दबका आवाज यायचा, भिजल्या कपड्यावर धोपटणं पडावं तसा, आणि मागोमाग बायकांचा रडण्याचा गलका.

यंदा ठणकन् वाजलं.

गलका झाला नाही. पुन्हा एकदा ठणकन् वाजलं, त्याच्यामागून काहीतरी फुटून दगडावर घरंगळल्याचा आवाज. चांगला भाजलाय, गुणाबाईच्या मनात आलं. आवा उघडल्यावर मडकं वाजवून बघताना यायचं तसंच.

मंजुश्री धावत आली. मुसळ तिच्या हातात नव्हतं.

"आत्या, पोट फुटलं, हात-पाय फुटले, पर डोकं तसंच हाय. पाण्यात पडलंय. बायाक्का मुसळ टाकून खाली बसली. परत मारणार न्हाय म्हणते. सगळ्या बायका पळाल्या. काय हुईल आता?"

"विरघळायचं न्हाय ते," गुणाबाई म्हणाली.

"तुम्हाला ठावं हुतं?"

गुणाबाई पायरीवरून उठली आणि रचलेले घट मोजायला लागली.

जोकुमार मेला की तीन दिवस परटाच्या दगडाकडं कुणी फिरकत नाही. तो तिथं कण्हतो म्हणतात. चौथ्या दिवशी परीट जातात, दगड धुतात आणि काम सुरू होतं. त्या सकाळी अंबुबाई कपड्यांचं गाठोडं पाठीवर घेऊन ओढ्याकडं गेली आणि तसंच गाठोडं घेऊन कुंभाराच्या दारात आली.

"गुणे, तुझा दादला पाण्यात पडून माझ्याकडं बघतोय," ती धापा टाकत म्हणाली. "डोळं उघडं, तोंड उघडं. रंग गेला, तोंड हाय तसं हाय. मी कपडे धुवू कुठं? सारा गाव तिकडनं पाणी नेईना झालाय."

मागून मारुतीराव आला, आणि दोन-चार जण.

"भाजलास कशाला?" मारुतीरावानं विचारलं. पहिल्यांदाच तो थेट तिच्याशी बोलत होता.

"वाळंना."

"वाळंना म्हणून भाजायचा? कुंभाराच्या घरात जन्म काढलास नि जोकुमार कच्चा असतोय हे तुला ठावं न्हाय? भात पोटरीत हाय गावाचं. काय वंगाळ झालं तर कुणाला धरायचं?"

"आयेला बोलू नका," सौरव आतून बाहेर आला. त्याची कामाची वेळ झाली होती, बूट अर्धेच घातलेले. "मी जातो. हातोडा घिऊन जातो नि फोडून येतो."

"तू कसा फोडशील रं?" अंबुबाई म्हणाली. "बाचं तोंड हाय ते. लेकानं बाच्या तोंडावर हातोडा घालायचा?"

सौरवनं अर्धा घातलेला बूट काढून टाकला.

गुणाबाई उठली. चाकापुढचा दिवा मंद तेवत होता. वात तिनं बोटानं सारखी केली. पदर खोचला आणि मारुतीरावाच्या शेजारून पुढच्या दारानं बाहेर पडली. तिला कुणी अडवलं नाही.

ओढ्याला गढूळ पाणी होतं. दगडापाशी बायाक्का आधीच येऊन बसली होती, गुडघ्यांना मिठी घालून. सात दिवस बुट्टी वाहून तिच्या कपाळावर चुंबळीचा वळ उठला होता. पाण्यात पोटाच्या, मांड्यांच्या खापऱ्या पडल्या होत्या. त्यांच्यामध्ये डोकं.

"हात लावाय धजलो न्हाय," बायाक्का म्हणाली.

गुणाबाई पाण्यात उतरली. डोकं उचललं. चुना धुऊन गेला होता, काजळी धुऊन गेली होती. तांबडी, कोरी माती राहिली होती आणि तिच्यात तो. आखूड मिशी. मोडका दात. तिनं केल्यापासून पहिल्यांदा तिनं ते नीट बघितलं.

"तुला ठावं हुतं सगळं," बायाक्का म्हणाली. "माझं आन् त्याचं."

"व्हय."

"मग मलाच दिलास. त्याच्याच तोंडाचा करून. सात दिस डोक्यावर घिऊन फिरलो मी. दारादारात रडलो. लोकांस्नी वाटलं, रीत हाय." तिनं नाक पुसलं. "सूड म्हणून दिलास काय गं?"

"न्हाय."

"मग?"

गुणाबाईनं डोकं हातात फिरवलं. "मला येईना," ती म्हणाली. "तुला येत हुतं."

ओढ्याच्या पलीकडं भाताच्या वाफ्यात पाणी भरलेलं होतं. वर रस्त्यावर मारुतीराव आणि इतर लोक उभे होते. तिथून खाली कुणी येत नव्हतं.

गुणाबाई परटाच्या दगडापाशी गुडघ्यांवर बसली. दगडावर ओंजळभर पाणी टाकलं आणि डोकं पालथं करून घासायला लागली. पाय घासायच्या वजऱ्या ती अशाच घासून सारख्या करायची. भाजलेली माती खरखर वाजत होती. मिशी आधी गेली. मग नाक. लाल पाणी दगडाच्या खाचेतून ओघळून ओढ्यात जायला लागलं. मध्येच ती डोकं उलटं करून बघायची आणि जे उरलं असेल ते पुन्हा दगडाला लावायची. दात गेले. एक डोळा गेला. दुसरा डोळा बराच वेळ राहिला, मग तोही सपाट झाला. कान तिनं शेवटी घेतले.

ती घासतच राहिली. खांद्यातून, कोपरातून जोर लावून, पाणी टाकून, पुन्हा जोर लावून. लाल पाणी आधी दाट होतं, मग पातळ होत गेलं, मग पुन्हा दाट झालं. बायाक्का उठून जवळ आली.

"गुणाक्का. हात बघ तुझा."

गुणाबाईनं हात उघडला. पंजाची कातडी दगडाला लागून सोलली होती. दुसरं लाल पाणी तिथून येत होतं.

ती त्या हाताकडं बघत राहिली, फाल्गुनात मनगटाकडं बघत होती तशी. मग तिनं तो ओढ्यात बुडवला. गार पाणी सोललेल्या जागी शिरलं आणि तिचं सगळं अंग एकदम आखडलं. ओठ दाताखाली आला.

"आई गं," ती म्हणाली.

"काय झालं?"

"झोंबतंय." तिचा आवाज तिला ओळखू आला नाही. तिनं हात वर काढला, पुन्हा बुडवला. "लई झोंबतंय गं, बायाक्का."

बायाक्कानं पदराचं टोक टर्रकन् फाडलं आणि तिच्या पंजाला गुंडाळलं, घट्ट. गुणाबाई कण्हली. लहान मुलासारखी तिनं हात मागं ओढला, मग पुन्हा पुढं केला.

दगडावर बोराएवढा गोल खडा उरला होता. त्याला आता तोंड नव्हतं. बायाक्का तिच्या जागी गुडघ्यांवर बसली, खडा चिमटीत धरला आणि उरलेलं घासायला लागली. गुणाबाई बांधलेला हात छातीशी धरून शेजारी बसली होती. हात ठणकत होता. ती पाणी घालत होती, डाव्या ओंजळीनं, थोडं थोडं.